आर्मेनियन आडनावातला पूर्वज: 'यान'च्या आधी काय असतं?

चेन्नईजवळच्या मामल्लपुरमला 2022 साली बुद्धिबळ ऑलिंपियाड झालं. खुल्या गटात सुवर्ण उझबेकिस्तानने नेलं, कांस्य भारताच्या दुसऱ्या संघाने आणि रौप्य आर्मेनियाने. कॉकेशसच्या डोंगरातला जेमतेम 30 लाख वस्तीचा हा देश. त्यांच्या संघातले पाच खेळाडू होते गाब्रिएल सार्गस्यान, ह्रांत मेल्कुम्यान, सामवेल तेर-सहाक्यान, मानुएल पेत्रोस्यान आणि रॉबर्ट होवहान्निस्यान. पाचही आडनावं 'यान'वर संपणारी.

तेव्हापासून हा 'यान' आपल्या बातम्यांत सारखा भेटतोय. पुण्यात पाषाणच्या एआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेत विकसित झालेली पिनाका रॉकेट प्रणाली आर्मेनियाने विकत घेतली. अझरबैजानशी वादातला नागोर्नो-काराबाख हा प्रदेश हातचा गेला, त्या देशाशी शांततेच्या वाटाघाटी झाल्या. या बातम्यांत पाशिन्यान, मिर्झोयान, पापिक्यान, खाचातुर्यान अशी नावं एकामागून एक येतात आणि दुसऱ्या परिच्छेदापर्यंत कोण पंतप्रधान नि कोण परराष्ट्रमंत्री याचा पत्ता लागत नाही.

खरं तर ही आडनावं वाचायला सोपी आहेत. आर्मेनियन आडनाव म्हणजे बहुतेक वेळा कुणातरी पूर्वजाचं पाळण्यातलं नाव. अशी वीस-पंचवीस नावं ओळखीची झाली की बरीचशी आडनावं आपोआप उलगडतात.

आधी 'यान' काढून बाजूला ठेवा

'यान' हा प्रत्यय 'चा', 'च्या घरातला' असा अर्थ जोडतो. पेत्रोस्यान म्हणजे पेत्रोसचा. वरच्या पाच जणांचं 'यान' काढलं तर उरतात सार्गिस, मेल्कुम, सहाक, पेत्रोस आणि होवहान्नेस. पाचही माणसांची नावं. सार्गिस हा आर्मेनियन लोकांचा लाडका योद्धा संत. मेल्कुम हे बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन ज्ञानी पुरुषांपैकी मेल्किऑरच्या नावाचं आर्मेनियन रूप. सहाक म्हणजे बायबलमधला इसहाक, पेत्रोस म्हणजे पीटर, होवहान्नेस म्हणजे जॉन.

आपली बरीच आडनावं माणूस कुठला ते सांगतात: नगरकर, पेडणेकर, मंगेशकर. काही घराण्याकडे कोणतं काम होतं ते सांगतात: कुलकर्णी, देशमुख, पोतनीस. आर्मेनियन आडनाव सहसा 'कुणाचा?' याचं उत्तर देतं. अशा आडनावांना पितृनामी म्हणतात, म्हणजे बापाच्या किंवा बापाकडच्या पूर्वजाच्या नावावरून पडलेली.

मग दर पिढीला आडनाव बदलत होतं का?

पूर्वी बदलायचंच. पेत्रोसचा मुलगा होवहान्नेस असेल तर तो होवहान्नेस पेत्रोस्यान. त्याला ग्रिगोर झाला तर तो ग्रिगोर होवहान्निस्यान. मामिकोन्यानसारखी सरदार घराणी सोडली तर सामान्य माणसाला पिढ्यान्‌पिढ्या चालणारं नाव लागतच नव्हतं. गावात सगळे एकमेकांना ओळखत होते.

ते कायमचं झालं 19व्या शतकात, सरकारी दप्तरामुळे. 1828 मध्ये पूर्वेकडचा आर्मेनिया इराणकडून रशियाकडे गेला. रशियन सरकारला करासाठी याद्या हव्या होत्या, पुढे सैन्यभरती आली, शाळा आल्या, पासपोर्ट आले. पश्चिमेकडे ऑटोमन तुर्कांच्या राज्यातही नोंदी वाढत गेल्या. कारकुनाने ज्या पिढीचं नाव वहीत उतरवलं ते साधारणपणे तिथेच थिजलं. म्हणजे आजच्या एखाद्या ग्रिगोर्यानच्या आडनावातला ग्रिगोर हा घराण्याचा आद्य पुरुष वगैरे असेलच असं नाही. बरेचदा तो दोनेकशे वर्षांपूर्वी हयात असलेला साधा शेतकरी किंवा कारागीर असतो. नोंदणीची वेळ त्याच्या वाट्याला आली, एवढंच त्याचं कर्तृत्व!

यातून एक गंमत होते. नातवाला आजोबाचं नाव ठेवायची चाल आर्मेनियनांतही आहे. त्यामुळे नाव आणि आडनाव एकच असलेली माणसं भरपूर सापडतात. संगीतकार आणि लोकगीतांचा संग्राहक कोमितास याचं मूळ नाव सोघोमोन सोघोमोन्यान, म्हणजे सॉलोमन सॉलोमनचा. होवहान्नेस होवहान्निस्यान नावाचे एक मोठे कवी होऊन गेले.

आडनाव थिजल्यावर खऱ्या बापाच्या नावाचं काय झालं? ते मधे आलं. सरकारी कागदांवर आर्मेनियन माणूस स्वतःचं नाव, मग बापाचं नाव 'ई' हा षष्ठीचा प्रत्यय लावून आणि शेवटी आडनाव असं लिहितो. माजी राष्ट्राध्यक्ष रॉबर्ट कोचार्यान यांचं पूर्ण नाव रॉबर्ट सेद्राकी कोचार्यान, म्हणजे सेद्राकचा मुलगा रॉबर्ट. मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको; आपला प्रत्येक फॉर्म असाच भरलेला असतो. फक्त आपण बापाच्या नावाला प्रत्यय लावत नाही.

फुटबॉलवाल्यांना हेन्रिख म्खितार्यान माहीत असेल: मँचेस्टर युनायटेड, आर्सेनल, मग इंटर मिलान. त्याचे वडीलही नावाजलेले फुटबॉलपटू, त्यांचं नाव हाम्लेत. हो, शेक्सपियरचाच! सोव्हिएत काळात आर्मेनियात हाम्लेत, ओफेलिया ही नावं लोकांनी हौसेने मुलांना ठेवली. रॉबर्ट, आल्बर्ट, एदुआर्द तर सर्रास. आणि आडनावातला म्खितार हा जुना आर्मेनियन शब्द, अर्थ सांत्वन करणारा. एका माणसाच्या नावात जर्मन वळणाचं नाव, इंग्रजी नाटकातला डॅनिश राजपुत्र आणि चर्चच्या भाषेतला शब्द अशी ओळ लागली आहे.

सार्गिसमधला 'इ' कुठे गेला?

वरचा हिशेब तपासून बघणाऱ्याला शंका येईल. सार्गिसचं सार्गिस्यान व्हायला हवं, मग सार्गस्यान कसं? दावितचं दाव्त्यान होतं, गालुस्तचं गाल्स्त्यान, खाचातुरचं खाचात्र्यान. होवहान्नेसमधल्या 'ए'चा 'इ' होतो: होवहान्निस्यान.

आपण 'माणूस'चं 'माणसाचा' करतो, 'कापूस'चं 'कापसाचा', 'बेरीज'चं 'बेरजेत'. प्रत्यय लागला की मधला ऊ किंवा ई गळतो आणि बोलताना आपल्या ते लक्षातही येत नाही. आर्मेनियनमध्ये हेच घडतं. तिथे जोर शब्दाच्या शेवटच्या स्वरावर असतो. 'यान' लागला की जोर तिकडे सरकतो, आधीचा 'इ' किंवा 'उ' उघडा पडतो आणि गळतो.

नियम सगळीकडे लागू होत नाही. अवेतिसचं अवेतिस्यान होतं, मानुकचं मानुक्यान, तिथे काही गळत नाही. खाचातुरची तर दोन्ही रूपं चालतात. संगीतकार आराम खाचातुर्यान आणि 2022 मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेले वहाग्न खाचातुर्यान यांच्या आडनावात 'तु' शाबूत आहे. इतर असंख्य घरांत खाचात्र्यान. मूळ नाव एकच.

ही नावं आली कुठून?

परंपरेने सांगतात की राजा त्रदातने इसवी सन 301 मध्ये ख्रिस्ती धर्म राजधर्म केला. त्याला दीक्षा देणारा संत ग्रिगोर. ग्रिगोर्यान हे आर्मेनियातल्या अगदी नेहमीच्या आडनावांपैकी एक का आहे, ते इथे कळतं. पोघोस (पॉल), स्तेपान (स्टीफन), गेवोर्ग (जॉर्ज), हाकोब (याकोब), मोव्सेस (मोझेस) ही सगळी बायबल आणि संतांकडून आली. त्यांची आडनावं तुम्ही आता स्वतः करू शकाल. फक्त मोव्सेसचं मोव्सिस्यान होतं.

पण मला जास्त आवडतात ती सणांची आणि चर्चमधल्या शब्दांची नावं. आर्मेनियनांनी परके संत घेतलेच, शिवाय धर्मातल्या कल्पना आपल्या भाषेत आणून त्यांची नावं केली. हारुत्युन म्हणजे पुनरुत्थान, हाम्बार्दझुम म्हणजे स्वर्गारोहण, अवेतिस म्हणजे शुभवार्ता, गालुस्त म्हणजे आगमन, मार्तिरोस म्हणजे हुतात्मा. त्या-त्या सणाच्या सुमारास जन्मलेल्या मुलाला त्या सणाचं नाव ठेवायची रीत होती. हारुत्युन्यान, अवेतिस्यान, गाल्स्त्यान, मार्तिरोस्यान ही आडनावं त्यातून आली. खगोलशास्त्रज्ञ व्हिक्टर आंबार्त्सुम्यान यांनी 1946 मध्ये ब्युराकानची वेधशाळा उभी केली. त्यांच्या आडनावात हाम्बार्दझुमच आहे. रशियन भाषेत 'ह' नाही म्हणून तो सुरुवातीलाच गळाला.

एका संताची तर तीन आडनावं होतात. येशूला बाप्तिस्मा देणारा योहान हा आर्मेनियनमध्ये होवहान्नेस मकर्तिच. मकर्तिच म्हणजे बाप्तिस्मा देणारा. त्यालाच काराबेत किंवा कारापेत असंही म्हणतात, म्हणजे पुढे आलेला, वर्दी देणारा. पश्चिम आर्मेनियात मुश गावाजवळ सुर्ब कारापेत, म्हणजे संत कारापेत, याचा मोठा मठ होता. यात्रेला लांबून लोक यायचे. तेव्हा शेजारीपाजारी राहणारे होवहान्निस्यान, मकर्तच्यान आणि कारापेत्यान हे तिघंही एकाच संताच्या नावाचे असू शकतात.

खाचातुर म्हणजे क्रुसाने दिलेला. अस्त्वात्सातुर म्हणजे देवाने दिलेला, थेट आपला देवदत्त.

ख्रिस्ती होण्याआधीचा थर याच्याही खाली आहे आणि त्यातली काही नावं आपल्याला चटकन ओळखू येतात. आर्मेनियावर इसवी सन 428 पर्यंत पार्थियन वंशाच्या अर्शाकुनी राजांचं राज्य होतं, त्यामुळे इराणी नावं ढिगाने आली: तिग्रान, अर्शाक, त्रदात, मिह्रान, सुरेन. मिह्रानमध्ये मिथ्र आहे, म्हणजे वेदांतला मित्र. त्रदात म्हणजे 'तीर' या देवाने दिलेला. त्यातला 'दात' आणि आपला 'दत्त' सख्खे भाऊ. राष्ट्राध्यक्षांच्या नावातला वहाग्न हा जुना युद्धदेव. त्याचं अवेस्ता या जुन्या इराणी धर्मग्रंथातलं रूप वेरेथ्रघ्न, आणि संस्कृतात वृत्रहन्, म्हणजे इंद्राचं विशेषण! मुलींचं लाडकं नाव अनाहित हे अनाहिता देवीचं. सुरेन आणि कारेन ही पार्थियन सरदार घराण्यांची नावं. कारेन हे आर्मेनियात पुरुषाचं नाव असतं, हे बातमी वाचताना लक्षात ठेवलेलं बरं. कारेन कारापेत्यान 2016 ते 2018 पंतप्रधान होते आणि ते गृहस्थ आहेत.

सगळे सार्गस्यान एकमेकांचे नातेवाईक?

नाहीत. सार्गिस गावोगावी होते आणि प्रत्येकाच्या वंशजांना तेच आडनाव लागलं. हे पटवायला आर्मेनियाचं राजकारण पुरेसं आहे. सेर्झ सार्गस्यान 2008 ते 2018 राष्ट्राध्यक्ष होते. त्यांच्यानंतर त्या खुर्चीवर आले आर्मेन सार्गस्यान. सेर्झ लगेच पंतप्रधान झाले आणि रस्त्यावरच्या आंदोलनामुळे आठवड्याच्या आत पायउतार झाले. म्हणजे एप्रिल 2018 मध्ये काही दिवस देशाचे राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान दोघंही सार्गस्यान होते, नातं काही नाही. त्याआधी वाझगेन सार्गस्यान पंतप्रधान होते. 1999 मध्ये संसदेतल्या हल्ल्यात ते मारले गेले आणि त्यांच्या जागी आले आराम सार्गस्यान. हे दोघं मात्र खरोखर भाऊ. 2008 ते 2014 मधले पंतप्रधान तिग्रान सार्गस्यान पुन्हा वेगळ्या घरातले.

बुद्धिबळातही तेच. 1963 ते 1969 जगज्जेता होता तिग्रान पेत्रोस्यान. 1984 साली जन्मलेला दुसरा एक ग्रँडमास्टर आहे, त्याचंही नाव तिग्रान पेत्रोस्यान. जुना वार्दानचा मुलगा, नवा लेवोनचा. डावांच्या नोंदीत त्यांना व्ही. आणि एल. या बापांच्या आद्याक्षरांनीच वेगळं ओळखतात.

आडनावाच्या आधी 'तेर' का?

तेर म्हणजे स्वामी, मालक; धर्मगुरूला आदराने लावायची उपाधी. आर्मेनियन चर्चमध्ये गावातल्या पुजाऱ्याला लग्न करायची मुभा असते. अशा पुजाऱ्याच्या वंशजांच्या आडनावाला तेर चिकटला. स्वतंत्र आर्मेनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष लेवोन तेर-पेत्रोस्यान यांच्या घराण्यात कधीतरी पेत्रोस नावाचा पुजारी होऊन गेला असणार. सोव्हिएत राजवटीत पुजाऱ्याचा वंश मिरवणं सोयीचं नव्हतं, तेव्हा पुष्कळांनी तेर टाकून दिला. 'मेलिक' असेल तर घराणं जमीनदार-सरदारांचं. आणि दक्षिणेला स्युनिक भागात 'यान'ऐवजी 'उन्त्स' किंवा 'अन्त्स' लागतो, अर्थ 'अमक्यांच्या घरचा'.

बायकांची नावं कुठे गेली?

पाळण्यात होती, आडनावात आली नाहीत. शुशान (लिली), हास्मिक (जाई), आस्त्घिक (छोटा तारा), लुसिने (चंद्रावरून), आराक्स नदीवरून आराक्स्या, अशी मुलींची नावं पुरुषांच्या नावांपेक्षा कितीतरी जास्त रंगीत आहेत. पण घराणं बापाचं मोजत, त्यामुळे शुशान्यानसारखी आईकडून आलेली आडनावं तुरळक. एक गोष्ट मात्र आहे. रशियनमध्ये बाईच्या आडनावाला 'आ' लागतो, इवानोवचं इवानोवा होतं. आर्मेनियनमध्ये तसं काही नाही. बाई असो की पुरुष, ग्रिगोर्यान तो ग्रिगोर्यानच.

पेत्रोस आणि बेद्रोस हे दोघे का एकच?

एकच. आर्मेनियनच्या दोन प्रमाण बोली आहेत. पूर्वेकडची आजच्या आर्मेनियात आणि इराणात, पश्चिमेकडची पूर्वी तुर्कस्तानात. अक्षरं तीच, पण पश्चिमेकडे प-ब, त-द, क-ग या जोड्यांचे उच्चार अदलाबदल होतात. पूर्वेचा पेत्रोस पश्चिमेला बेद्रोस, ग्रिगोर तिकडे क्रिकोर, कारापेत गाराबेद, तिग्रान दिक्रान, हाकोब हागोप, गेवोर्ग केवोर्क.

1915 च्या नरसंहारात पश्चिम आर्मेनिया माणसांपासून रिकामा झाला. वाचलेले बैरुत, अलेप्पो, मार्सेय, बॉस्टन, कॅलिफोर्निया असे पांगले आणि आपली बोली, आपले उच्चार सोबत घेऊन गेले. वर स्पेलिंगचाही फरक पडला. सोव्हिएत आर्मेनियाने 1922 मध्ये शुद्धलेखन बदललं, बाहेरच्यांनी जुनंच ठेवलं. म्हणून रोमन लिपीत शेवटी आय-ए-एन दिसलं तर घराणं बहुतेक परदेशी पांगलेलं, वाय-ए-एन दिसलं तर बहुतेक आर्मेनियातलं. 'बहुतेक' महत्त्वाचं. वरचे दोन राष्ट्राध्यक्ष, सेर्झ आणि आर्मेन, आपलं आडनाव इंग्रजीत वेगवेगळं लिहितात, आर्मेनियनमध्ये ते अक्षरशः एकच आहे.

'यान' दिसला की आर्मेनियन समजायचं?

इथे बरेच जण फसतात. इराणचे राष्ट्राध्यक्ष मसूद पेझेश्कियान आर्मेनियन नाहीत. पेझेश्क म्हणजे फारसीत वैद्य. 2024 मध्ये हेलिकॉप्टर अपघातात गेलेले इराणचे परराष्ट्रमंत्री हुसैन अमीर-अब्दुल्लाहियान यांचं आडनाव तर अब्दुल्लाह या माणसाच्या नावावरून आलं आहे, आर्मेनियन पद्धतीसारखंच. फारसीतही 'इयान' आहे आणि दोन्हींतला फरक नुसत्या शेवटावरून कळत नाही, आधीचं नाव बघावं लागतं. आत पेत्रोस, खाचातुर, मकर्तिच असेल तर शंका नको.

उलट बाजूने, 'यान' आहे पण आत माणूस नाही, असंही असतं. ऑटोमन राज्यातल्या आर्मेनियन कारागिरांना तुर्की-अरबी शब्दांवरून आडनावं पडली: तेर्झियान म्हणजे शिंप्याचा, नज्जारियान सुताराचा, देमिर्जियान लोहाराचा, एकमेकजियान पाववाल्याचा. ढोलकीवाले नाही तरी ड्रमवाले झिल्जियान हे नाव जाणतात. झिल म्हणजे झांज. 1623 मध्ये इस्तंबूलला झांजा करणाऱ्या अवेदिसपासून आपण सुरू झालो, असं ती कंपनी सांगते. आणि अवेदिस म्हणजे आपला वरचा अवेतिस, पश्चिमेकडच्या उच्चारात.

आर्मेनियन आहे पण 'यान' नाही, अशी माणसंही कमी नाहीत. तुर्कस्तानने 1934 मध्ये आडनावाचा कायदा केला आणि नव्या आडनावांना 'यान'सारखे परके शेवट लावायला बंदी घातली. भाषातज्ज्ञ हागोप मार्तायान यांना खुद्द अतातुर्कने दिलाचार हे तुर्की आडनाव दिलं. रशियात 'यान'चा 'ओव' झाला. जगज्जेता गॅरी कास्पारोव याची आई गास्पार्यान. गास्पार हा त्या तीन ज्ञानी पुरुषांपैकी आणखी एक. फ्रान्समध्ये शार्ल अझ्नावूरने रंगमंचासाठी 'यान' छाटला. अमेरिकन गायिका शेर जन्माने सार्किसियान, म्हणजे पुन्हा आपला सार्गिस.

मुंबई, मद्रास, कलकत्ता

भारतात तर आर्मेनियन नावांचं रूप इतकं बदललं की ओळखू येत नाही. 1604-05 मध्ये शाह अब्बासने आराक्स नदीकाठच्या जुल्फा गावचे आर्मेनियन व्यापारी उचलून इस्फहानला वसवले. ती नवी जुल्फा. तिथून ते सुरत, मुंबई, मद्रास, कलकत्त्याला पसरले. मुंबईत फोर्टमधल्या मेडोज स्ट्रीटवर, म्हणजे आताच्या नगीनदास मास्टर रोडवर, त्यांनी 1796 मध्ये चर्च बांधलं ते सेंट पीटरचं, म्हणजे पेत्रोसचंच. जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक 'अझ्दारार' निघालं मद्रासमध्ये, 1794 साली. संपादक धर्मगुरू हारुत्युन श्मावोन्यान. श्मावोन म्हणजे सायमन.

इंग्रजी कागदपत्रांत मात्र यातल्या बहुतेकांचा 'यान' गळाला आणि नुसती नावं उरली, तीही इंग्रजी कानाला ऐकू आली तशी. हारुत्युनचा ॲराटून झाला, खाचिकचा कॅचिक, कारापेतचा कॅरापिएट, मकर्तिचचा मॅकर्टिच, गालुस्तच्या घरचे गाल्स्टॉन. 1819 मध्ये मुंबईत ॲपकार आणि कंपनी काढणारा ॲराटून ॲपकार पुढे कलकत्त्याला गेला, त्याच्या कंपनीची जहाजं चीनपर्यंत चालायची. ॲराटून म्हणजे पुनरुत्थान आणि ॲपकार म्हणजे एदेसाचा राजा अब्गार, ज्याने येशूला पत्र पाठवलं अशी आख्यायिका आहे. सिंगापूरचं रॅफल्स हॉटेल 1887 मध्ये सुरू करणारे सार्कीज बंधू जुल्फाचेच. त्यांच्यात एक तिग्रान, एक अविएत, एक अर्शाक. आणि हाँगकाँगमध्ये ज्याच्या नावाचा रस्ता आहे तो सर कॅचिक पॉल चेटर 1846 मध्ये कलकत्त्यात जन्मला तो खाचिक पोघोस अस्त्वात्सातुर्यान म्हणून. चेटर म्हणजे त्या लांबलचक देवदत्ताचं उरलेलं शेपूट.

मराठीत लिहायचं कसं?

आपण ही नावं इंग्रजीवरून उचलतो आणि तिथेच घोळ होतो. इंग्रजीत ट-त वेगळे नाहीत, म्हणून आपल्याकडे पेट्रोस्यान, कारापेट्यान छापलं जातं. आर्मेनियन त दंत्य आहे, तेव्हा पेत्रोस्यान, कारापेत्यान, खाचात्र्यान. पूर्वेकडच्या बोलीत प, फ, ब असे तिन्ही वेगळे आहेत, तसेच त, थ, द. रोमन लिपीला हे नीट दाखवता येत नाही, देवनागरीला येतं. रोमनमध्ये पाच व्यंजनांची गर्दी दिसणारं मकर्तच्यान तर आपल्यासाठी सोपंच. आर्मेनियन माणूस ती व्यंजनं बोलताना मधे हलका 'अ' घालतो. तो त्यांच्या लिपीत लिहीत नाहीत, आपल्या अक्षरात तो आधीपासूनच असतो. सार्गस्यानमध्ये 'ग'नंतर तोच 'अ' आहे, म्हणून सार्ग्स्यान असं जोडाक्षर करण्याची गरज नाही.